पटावरून नाव उतरल्यावर
ऑस्ट्रेलियाच्या विद्यार्थी-व्हिसावरील 8202 क्रमांकाच्या अटीचा मथितार्थ असा की, विद्यार्थ्याचे नाव नोंदणीकृत अभ्यासक्रमाच्या पटावर कायम असले पाहिजे. ते उतरले की संस्थेची वर्दी सरकारदरबारी जाते आणि 1958 च्या स्थलांतर कायद्याच्या कलम 116 अन्वये व्हिसा रद्द का करू नये, अशी नोटीस येऊ शकते. तिला उत्तर न देणे हा सर्वांत घातक आळस. कारण अटीचा भंग शाबीत झाला तरी येथे रद्द करणे अनिवार्य नसून अधिकाऱ्याच्या विवेकाधीन असते, आणि डॉक्टरी दाखला, पुनःप्रवेशाचे पत्र, फीची पावती असले कागदच त्या विवेकाला आधार देतात. हुकूम विरुद्ध गेलाच, तर जुन्या अपील न्यायाधिकरणाच्या जागी 14 ऑक्टोबर 2024 रोजी आलेले प्रशासकीय पुनर्विलोकन न्यायाधिकरण प्रकरण नव्याने तपासते. मात्र अर्जाची मुदत टळल्यावर कोणतीही सबब तेथे चालत नाही.