आधी ‘श्री’ कापून दाखवा

जालन्यात अंबड चौफुलीवर उभं राहिलं की वाचायला मजकूर कमी पडत नाही. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ‘आई मत्स्योदरी प्रसन्न’, पाण्याच्या टँकरवर ‘श्री राजुरेश्वर कृपा’, टेम्पोच्या काचेवर गावाचं नाव, दुचाकीच्या मडगार्डवर लेकरांची नावं. एके काळी हे सगळं पेंटरच्या ब्रशनं उतरायचं. पुढे रेडियमची दुकानं आली, मागच्या भिंतीला रंगीत रोल आणि कोपऱ्यात करकर आवाज करणारा प्लॉटर. आता तेच काम घरातल्या टेबलावर मावणारं मशीन करतं. कॉलेजातली मुलं, गणेश मंडळाचे कार्यकर्ते, घरून केक नाहीतर मसाले विकणाऱ्या बायका अशा मशिनींची चौकशी करताना दिसतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो, ‘कोणत्या कंपनीचं घ्यावं?’

हा प्रश्न थोडा नंतर विचारावा. जाहिरातीतलं मशीन नेहमी इंग्रजी अक्षरं कापत असतं. आपल्याला कापायची आहेत मराठी अक्षरं, आणि त्यांचा घाट वेगळा. माझं मत सरळ आहे. दुकानात असो वा ओळखीच्याकडे, पैसे देण्याआधी त्या मशीनकडून ‘श्री’ कापून घ्यावा आणि तो आपल्या हातानं सोलून बघावा. मशीनबद्दलच्या निम्म्या शंका तिथेच फिटतात.

मशीन आत काय करतं ते आधी पाहू. मागे गोंद असलेलं लेबल अमेरिकेत स्टँटन एव्हरी यांनी १९३५ साली बाजारात आणलं. संगणकाच्या हुकमानं अक्षरं कापणारी यंत्रं १९८०च्या दशकात पाट्यांच्या धंद्यात रुळली. या यंत्रांत जिचं नाव आजही आदरानं घेतलं जातं ती जपानची रोलँड डीजी कंपनी १९८१ची, म्हणजे आपल्या जालना जिल्ह्याच्याच वयाची. तत्त्व तेव्हापासून तेच आहे. रबरी चाकं विनाइलचा, म्हणजे ज्याला आपण रेडियम म्हणतो त्याचा, ताव पुढे-मागे सरकवतात, ब्लेडची गाडी डावीकडून उजवीकडे धावते. ब्लेड छोट्या खुंटीसारखं गोल असतं आणि आपल्या होल्डरमध्ये मोकळं फिरतं. त्याचं टोक मध्यापासून साधारण पाव मिलिमीटर बाजूला असतं, म्हणून ते रेषेमागे आपोआप वळतं. हा पाव मिलिमीटर सॉफ्टवेअरला ठाऊक नसेल तर कोपरे गोल होतात आणि गोलाची सुरुवात-शेवट एकमेकांना भेटत नाहीत. नव्या माणसाला वाटतं मशीन बिघडलं. प्रत्यक्षात सेटिंगमधला ‘ऑफसेट’ चुकलेला असतो.

बाजारात ढोबळमानानं दोन घराणी आहेत. एक घरगुती छंदाचं, म्हणजे क्रिकट, सिल्हूएट कॅमिओ आणि ब्रदरचं स्कॅन-एन-कट. दिसायला देखणी, आवाज कमी, रुंदी बहुधा बारा इंच. दुसरं घराणं दोन फुटी प्लॉटरचं. त्यात वरच्या टोकाला रोलँड आणि ग्राफटेक, खालच्या टोकाला चिनी मशिनं. बाहेरून येणाऱ्या घरगुती मशीनची इथली किंमत आणि साध्या चिनी प्लॉटरची किंमत पुष्कळदा जवळजवळ येऊन ठेपते. गोंधळ तिथेच होतो.

मी रुंदीपासून सुरुवात करीन. आपल्याकडे विनाइलचे रोल मुख्यतः दोन फूट आणि चार फूट रुंदीचे मिळतात. बारा इंची मशीनसाठी दोन फुटी रोल मधोमध चिरून घ्यावा लागतो, आणि हातानं चिरलेली कडा वाकडी गेली की ताव तिरका ओढला जातो. डब्यांची लेबलं, वह्यांची नावं, मोबाइलचे स्टिकर एवढंच करायचं असेल तर बारा इंच भरपूर झाले. ट्रॅक्टरचं बॉनेट, दुकानाची काच, मंडळाचा बोर्ड मनात असेल तर दोन फुटांखाली येऊ नये.

दुसरी गोष्ट सॉफ्टवेअरची, आणि इथे मी जरा कडक आहे. क्रिकटचं मशीन कंपनीच्याच डिझाइन स्पेसमधून चालतं आणि त्यासाठी खातं उघडावं लागतं. मार्च २०२१मध्ये कंपनीनं जाहीर केलं होतं की फुकट वापरणाऱ्यांना महिन्याला स्वतःची वीसच डिझाइन चढवता येतील. जगभरातून ओरड झाल्यावर निर्णय मागे घेतला, पण मशीन विकत घेऊनही किल्ली दुसऱ्याच्या हातात राहू शकते हे तेव्हा सगळ्यांना दिसलं. सिल्हूएटमध्ये फुकटच्या आवृत्तीत एसव्हीजी फाइल उघडत नाही, त्यासाठी वरची आवृत्ती विकत घ्यावी लागते. तोवर डीएक्सएफवर काम भागतं. चिनी प्लॉटर कोरलड्रॉमधून चालतो आणि कोरल येणारा माणूस आपल्याकडे तालुक्याच्या गावीही सापडतो. परतूर-मंठ्याकडे राहणाऱ्यानं ही बाजू जास्त जोखावी. रात्री नऊ वाजता मशीन अडलं तर कंपनीची मदत उपयोगी पडत नाही, गावातला रेडियमवाला पडतो. त्याच्याकडे जे मशीन असेल त्याच जातीचं आपण घेतलं तर ब्लेड, कटिंगची पट्टी आणि सल्ला तिन्ही चालत जाऊन मिळतात.

आता मराठी अक्षराकडे येऊ.

संगणकावर ‘राजुरेश्वर’ टाइप केलं की डोळ्यांना अखंड शिरोरेघ दिसते. मशीनला मात्र प्रत्येक अक्षराची वेगळी हद्द दिसते, आणि शेजारच्या दोन अक्षरांच्या रेघा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात. तसंच कापायला पाठवलं तर ब्लेड त्या जोडाच्या जागी आडवे छेद देतं आणि शिरोरेघेचे तुकडे पडतात. म्हणून आधी मजकुराचं आकारात रूपांतर करायचं. कोरलमध्ये त्यासाठी कंट्रोल-क्यू आहे. मग सगळं निवडून ‘वेल्ड’ करायचं. इंकस्केप नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ आणि ‘युनियन’ या दोन आज्ञा तेच काम करतात. वेल्ड झाल्यावर अख्खा शब्द एका तुकड्यात येतो. इंग्रजीत दहा अक्षरांचे दहा तुकडे सांभाळावे लागतात, मराठीत शब्द तोरणासारखा एका टोकाला धरून उचलता येतो. एवढी सोय आपल्या लिपीनं दिली आहे.

पण थ, ध आणि भ या तिघांच्या डोक्यावर रेघ पुरती नसते. डावीकडची गाठ मोकळी राहते, त्यामुळे बहुतेक फाँटमध्ये आधीच्या अक्षराशी त्यांचा जोड तुटतो. दिवाळीत सर्वांत जास्त मागणी असलेला मजकूर म्हणजे ‘शुभ लाभ’, आणि नेमका तोच तुकड्यांत निघतो. शब्द उचलण्यासाठी वरून मास्किंग टेप लावताना भ सरकला तर दारावर कायमचा वाकडा बसतो. दुसरी अडचण अनुस्वाराची. आपल्या जिल्ह्यात अंबड, मंठा, घनसावंगी या तीन तालुक्यांच्या नावांतच अनुस्वार आहे. सोलताना भोवतालच्या विनाइलबरोबर हा ठिपका हमखास उचलला जातो आणि काम संपल्यावर कळतं. त्यावर उपाय म्हणजे फाँटमधल्यापेक्षा ठिपका थोडा मोठा करावा आणि त्या भागाला मशीनचा वेग कमी ठेवावा. बदनापूरच्या ‘ब’च्या पोटात तिरकी रेघ असते, दोन्हीकडची चिमुकली पोकळी चिमट्यानं काढावी लागते. अक्षराची उंची अर्ध्या इंचाखाली गेली की हे काम डोळ्यांवर येतं.

फाँट त्या हिशेबानं निवडावा. मुंबईच्या एक टाइप या संस्थेनं केलेले बालू, मुक्ता, मोदक हे युनिकोड फाँट फुकट मिळतात. बालू गुबगुबीत, कोपरे गोल, कापायला फार गुणी. मोदक दिसायला त्याहून गोड, पण त्याच्या आतल्या फटी केसाएवढ्या बारीक असतात. भिंतीवर दीड फुटी मोदक सुंदर दिसतो, डब्यावर तो सोलता येत नाही. जुन्या कोरलमध्ये युनिकोड मराठीची जोडाक्षरं फुटतात, वेलांटी जागा सोडते. काही मशिनींच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्येही हेच होतं. अशा वेळी मजकूर इंकस्केपमध्ये तयार करून आकार म्हणूनच पुढे न्यावा.

ब्लेडबद्दल एकच सवय लावून घ्यावी. साध्या विनाइलला पंचेचाळीस अंशांचं ब्लेड चालतं, जाड रिफ्लेक्टिव्हला साठ अंशांचं लागतं. होल्डरमधून ब्लेडचं टोक जेमतेम दिसेल इतकंच बाहेर काढावं. मग कोपऱ्यात छोटा चौकोन कापून बघावा. चौकोन सहज उचलला गेला आणि मागच्या मेणकागदावर नखाच्या ओरखड्याइतकी पुसट खूण उमटली की दाब बरोबर. मेणकागद चिरला तर दाब जास्त आहे. अशानं ब्लेड बोथट होतं, खालच्या पट्टीवर चरे पडतात आणि पुढची सगळी कामं बिघडतात. प्रत्येक नव्या रोलला ही चाचणी करावी. रंग बदलला की जाडीतही फरक पडतो.

विनाइलमध्ये दोन जाती ओळखता यायला हव्यात. लाटून केलेलं, म्हणजे कॅलेंडर्ड, स्वस्त आणि जाडसर असतं. ते सपाट जागेला योग्य. उन्हात काही काळानं आक्रसतं आणि कडेला गोंदाची काळी किनार दिसू लागते. ओतून केलेलं, म्हणजे कास्ट, साधारण पन्नास मायक्रॉन इतकं पातळ असतं. ते महाग, पण बॉनेटच्या वळणावर अंगासरशी बसतं. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. तिथे रोल उभे किंवा टांगून, सावलीत ठेवावेत. आडवे रचले की वजनानं दबतात.

चिकटवण्याचं काम सकाळी, सावलीत करावं. ट्रॅक्टर शेतातून थेट आलेला असतो. त्याच्यावर धुळीबरोबर डिझेलचा आणि ग्रीसचा पातळ थर असतो. नुसत्या ओल्या फडक्यानं तो जात नाही. आधी शाम्पूचं पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, दुकानात ज्याला आयपीए म्हणतात ते. पत्रा वाळला की मास्किंग टेपवर उचललेला शब्द वरच्या कडेनं टेकवायचा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं मधून बाहेर दाबत जायचं. मोठ्या अक्षराखाली शाम्पूच्या पाण्याचा हलका फवारा मारला तर शब्द सरकवून सरळ करायला सवड मिळते. टेप सोडवताना ती स्वतःवरच उलटी दुमडून, पत्र्याला घासून ओढावी. सरळ वर खेचली की रेघ उचकटते. काचेला आतून लावायचं असेल तर मजकूर कापण्याआधी आरशासारखा उलटा करावा. टी-शर्टवर इस्त्रीनं बसणाऱ्या विनाइललाही हाच नियम.

छापील स्टिकर हा वेगळा मार्ग आहे आणि बचत गटांनी याकडे लक्ष द्यावं. प्रिंटिंगच्या दुकानात बारा बाय अठरा इंची गमिंग शीटवर, म्हणजे मागे गोंद असलेल्या कागदावर, रंगीत छपाई होते. तिला कोल्ड लॅमिनेशन करून घ्यायचं आणि आपल्या मशीननं चित्राच्या कडेनं कापायचं. त्यासाठी मशीनला छापलेल्या खुणा ओळखणारा डोळा लागतो, मशीन घेताना तो आहे का ते विचारावं. चिवडा, मसाला, मोसंबीचं सरबत असं काही विकायला असेल तर लेबल नुसतं सुंदर असून भागत नाही. एफएसएसएआयचा चौदा अंकी क्रमांक, निव्वळ वजन, किंमत, तयार केल्याची तारीख, शाकाहाराचा हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका हे सगळं हवं. तारीख रोज बदलते, म्हणून तिची जागा कोरी सोडून शिक्का मारावा. बियाण्याच्या पिशव्यांच्या लेबलांची नक्कल कुणी मागितली तर सरळ नकार द्यावा. महिको ही बियाण्यांची कंपनी १९६४ साली जालन्यात उभी राहिली, बियाण्याच्या भरवशावर इथला बाजार मोठा झाला. खोट्या लेबलामागे एखाद्या शेतकऱ्याचा अख्खा हंगाम जातो.

वाहनांच्या नंबर प्लेटचं कामही घेऊ नये. १ एप्रिल २०१९पासूनच्या नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची आहे, आणि महाराष्ट्रात आता जुन्या गाड्यांनाही ती लावायला सांगितलेलं आहे. त्यापेक्षा गळिताच्या हंगामात अंकुशनगरच्या समर्थ साखर कारखान्याकडे रात्री जाणाऱ्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या बघा. मागून येणाऱ्याच्या दिव्यात चमकणारी लाल रिफ्लेक्टिव्ह पट्टी त्यांच्यावर लावणं हे या मशीनचं फार मोलाचं काम आहे. माझ्या मते प्रत्येकानं त्यासाठी एक रोल राखून ठेवावा. ती पट्टी ट्रॉलीच्या मागच्या फळीच्या दोन्ही कोपऱ्यांत लावावी, म्हणजे रुंदी कळते. मधोमध लावलेली पट्टी लांबून दुचाकीचा दिवा वाटते.

सोलून उरलेल्या कचऱ्याचं काय करायचं हेही ठरवून ठेवावं. विनाइल म्हणजे पीव्हीसी. ते शेकोटीत टाकलं की नाका-डोळ्यांना झोंबणारा आम्लाचा वायू निघतो. लेझर कटरमध्येही ते कधी घालू नये, माणसाला आणि मशीनला दोघांनाही अपाय होतो.

ऑर्डरी घ्यायला लागल्यावर दराचा प्रश्न येतो. बाजारात चौरस फुटाचा भाव चालतो, पण मराठी कामात खरा वेळ सोलण्यात जातो. दोन फुटी ‘जय’ आणि तेवढ्याच जागेत बसवलेलं ‘कुटुंबातील सर्वांच्या आशीर्वादाने’ यांना विनाइल सारखंच लागतं. पहिल्याला पाच मिनिटं पुरतात, दुसऱ्याला अनुस्वार, रफार आणि अक्षरांच्या पोटातल्या पोकळ्या काढता काढता तास जातो. म्हणून सामानाचा भाव फुटावर ठेवावा आणि मजुरी अक्षरांवर लावावी. दोन-तीन इंचांखालच्या अक्षरांना ती वाढवून सांगावी, आणि मजकूर गिऱ्हाइकाकडून कागदावर लिहून, सही करून घ्यावा. ‘आशीर्वाद’मधली दीर्घ वेलांटी कापून झाल्यावर दुरुस्त होत नाही.