अनामत भरण्याआधी विचारा

घरात कॅन्सरचे निदान झाले की आपल्याकडे पहिली धाव सराफाकडे, दुसरी नातेवाइकांकडे आणि तिसरी मोहल्ल्यातल्या जमातीकडे. रमजान जवळ असेल तर जकातीची गोष्ट निघते. मदत करणाऱ्या संस्था आणि योजना आहेत, हे कळते ते शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाच्या भावाकडून, तेही निम्मी पुंजी संपल्यावर. हा उशीर महागात पडतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत उपचाराआधी मंजुरी घ्यावी लागते. खिशातून भरलेले बिल नंतर दाखवून पैसे परत मिळत नाहीत.

म्हणून अनामत भरण्याआधी दोन माणसांना शोधा, असे आम्ही सांगतो. योजनेच्या यादीतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो. मोठ्या सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात. कोणती संस्था औषधाला मदत करते, कोणाकडे राहण्याची सोय आहे, अर्ज कसा करायचा, हे त्यांना रोजच्या कामातून ठाऊक असते. परळच्या टाटा रुग्णालयातही समाजसेवा विभाग आहे.

एकच संस्था सगळा भार उचलील, ही अपेक्षा मात्र ठेवू नये. १९५१ पासून काम करणारी इंडियन कॅन्सर सोसायटी आणि १९६९ ची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन रुग्णांना मदत करतात. गावाहून आलेल्यांना उपचाराइतकाच मुंबईतला मुक्काम जड जातो. त्यासाठी परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आहे, दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. कॅन्सर झालेली लहान मुले आणि त्यांचे आईबाप यांची सोय सेंट ज्यूड संस्था २००६ पासून विनामूल्य करते. जागा मोजक्याच, तेव्हा पहिल्याच भेटीत चौकशी करावी.

खासगी दिसणारी कितीतरी नामांकित रुग्णालये कागदोपत्री धर्मादाय आहेत. त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांना १ लाख ८० हजार, दुर्बल घटकांना ३ लाख ६० हजार. ‘धर्मादाय’ या शब्दाने आपली काही मंडळी उगीच बिचकतात. तिथे उत्पन्न विचारतात, धर्म नव्हे. खाट रिकामी नाही असे तोंडी उत्तर मिळाले तर तेच लेखी मागावे आणि जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात जावे.

खरी अडचण कागदांची. रेशनकार्डावर ‘फातिमाबी’, आधारवर ‘फातिमा’, आणि दवाखान्याच्या केसपेपरवर माहेरचे आडनाव! बायकांच्या बाबतीत हे फारच होते, आणि अर्ज तिथेच अडतो. घरात कुणी आजारी नसतानाच ही नावे एकसारखी करून घ्यावीत. रेशनकार्ड, आधार आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला एका पिशवीत ठेवावा, दाखल्याची मुदत दरवर्षी पाहावी.

रुग्णालयाच्या फाटकाबाहेर ‘काम करून देतो, आधी दोन हजार द्या’ म्हणणारे भेटतात. या योजनांच्या अर्जाला असे पैसे लागत नाहीत. त्यांना ओलांडून सरळ आत जावे आणि समाजसेवा विभाग कुठे आहे ते विचारावे.