बुटाची नाडी : ती कां सुटते आणि सुटूं नये म्हणून काय करावें



आजचा विषय ऐकून आपल्यापैकीं कांहींजणांस हंसूं आलें असेल. सारा जन्म शाळेंत घालविलेल्या माणसानें आकाशवाणीवर यावें आणि मोठ्या माणसांना बुटाची नाडी कशी बांधावी तें सांगावें, यांत थोडा विनोद आहे खरा. परंतु कोणत्याही गांवाच्या मैदानावर सकाळीं घटकाभर उभें राहून पाहा. फिरावयास आलेल्या मंडळींपैकीं कोणी ना कोणी वाटेंत थांबून, वाकून, नाडी बांधीत असलेला दिसेलच. जें काम माणसानें आयुष्यांत हजारों वेळां केलें, तें पुन्हां पुन्हां बिघडत असेल, तर दोष त्याच्या निष्काळजीपणाचा नसून पद्धतीचा असला पाहिजे. पद्धतीचा दोष असेल तर तो समजून घेतां येतो आणि दूरही करतां येतो.

शिवाय गोष्ट दिसते तेवढी लहान नाहीं. तरुण माणूस सुटलेल्या नाडीवर पाय पडून अडखळला तर सावरतो. साठी उलटलेला माणूस पडला तर खुब्याचें हाड मोडण्याचें भय असतें, आणि त्या वयांत अंथरुणाला खिळणें म्हणजे काय हें घरोघरीं ठाऊक आहे. मूल सायकलवर असेल तर लोंबणारी नाडी साखळींत अडकते; शहरांतल्या सरकत्या जिन्यावर ती पायरीच्या फटींत जाते. तेव्हां पंधरा मिनिटें या विषयास दिलीं तर तीं वाया जाणार नाहींत.

प्रथम शब्दांकडे पाहूं. आपल्या भाषेनें गांठींचे दोन प्रकार फार पूर्वींच वेगळे केले आहेत : सुरगांठ आणि निरगांठ. टोंक ओढतांच सुटते ती सुरगांठ. नखें झिजलीं तरी सुटत नाहीं ती निरगांठ. बुटाची नाडी आपण सुरगांठीनें बांधतों. दोन कान आणि दोन शेपट्या असलेली ही गांठ मुद्दामच सुटण्यासाठीं केलेली आहे. चालतांना ती निरगांठीसारखी राहावी आणि घरीं आल्यावर सुरगांठीसारखी सुटावी, अशी आपली परस्परविरुद्ध अपेक्षा असते. सारी अडचण येथूनच सुरू होते.

नाडीनें पादत्राण आवळण्याची युक्ति फार जुनी. आर्मेनियांतील एका गुहेंत २००८ सालीं चामड्याचा एक बूट सांपडला. तो सुमारें साडेपांच हजार वर्षांपूर्वींचा असून त्यालाही चामड्याची नाडी ओंवलेली आहे. आपल्याकडे मात्र बहुजनसमाज पिढ्यान् पिढ्या वहाणा घालून किंवा अनवाणी चालला. बीड जिल्ह्यांतल्या शेतकऱ्याला बैलाचें दावें खुंटीला कसें बांधावें, उसाची मोळी कशी आवळावी, हें कोणी शिकवावें लागत नाहीं. पण त्याच्या पायांत नाडीचा बूट नसे, म्हणून ती एक गांठ घरांत आलीच नाहीं. आतां काळ बदलला आहे. २०२३–२४ या शैक्षणिक वर्षापासून महाराष्ट्र शासनानें सरकारी व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या मुलांना बूट व पायमोजे देण्याची योजना सुरू केली. ज्यांचे आईबाप ऊसतोडीसाठीं अर्धें वर्ष परजिल्ह्यांत असतात आणि जीं आजीआजोबांजवळ राहतात, अशीं मुलेंही या शाळांत येतात. त्यांतल्या कोणाच्या पायांत नाडीचा बूट आला, तर ती बांधावयास कोण शिकवणार ? आजी तर जन्मभर वहाणच घालीत आली.

आतां मुख्य प्रश्न : नीट ओढून बांधलेली गांठ आपोआप कां सुटते ? अमेरिकेंतील बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत क्रिस्टोफर डेली-डायमंड, क्रिस्टीन ग्रेग आणि ऑलिव्हर ओरायली या तिघांनीं या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास केला. त्यांचा निबंध २०१७ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. सरकत्या पट्ट्यावर धांवणाऱ्या ग्रेगबाईंच्या बुटाचें शीघ्रगति कॅमेऱ्यानें चित्रण केलें, तेव्हां गांठ सुटण्याची क्रिया प्रथमच पायरीपायरीनें दिसली.

तिच्यांत दोन कारणें एकत्र येतात. धांवतांना पाऊल जमिनीवर आपटतें तेव्हां बुटाला बसणारा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या सुमारें सातपट असतो. प्रत्येक धक्क्यासरशीं गांठ दबते, ताणली जाते आणि किंचित् सैल होते. हें झालें पहिलें कारण. दुसरें असें कीं, पाय पुढें-मागें झुलतो तेव्हां नाडीचीं मोकळीं टोंकें चाबकासारखीं बाहेर फेंकलीं जातात आणि एखाद्या अदृश्य हातानें ओढावें तशीं गांठीला ओढतात. टेबलावर बसून नुसते पाय झुलवले तर गांठ सुटत नाहीं. एका जागीं उभें राहून नुसते पाय आपटले तरीही सुटत नाहीं. दोन्ही एकदम घडलीं म्हणजे सुटते. पुष्कळ वेळ गांठ शाबूत दिसते. पण एकदां टोंक थोडें सरकलें कीं तें लांब होतें, लांब झालें कीं अधिक जोरानें ओढतें, आणि मग दोन-चार पावलांतच सारा कारभार आटोपतो. "आतां तर बांधली होती !" असें आपण म्हणतों त्याचें कारण हें आहे.

चालतांना धक्का धांवण्याहून कमी असतो, पण धक्क्यांची संख्या मोठी असते. तासाभरांत पांच किलोमीटर चालणारा माणूस साधारण सात हजार पावलें टाकतो. म्हणजे प्रत्येक गांठीला साडेतीन हजार हिसके बसतात. बीजिंग येथें २००८ च्या ऑलिंपिकमध्यें उसेन बोल्टनें शंभर मीटरची शर्यत ९.६९ सेकंदांत जिंकली, तेव्हां त्याच्या एका बुटाची नाडी सुटलेली होती. दहा सेकंदांच्या कामांत तें खपून गेलें. आपल्याच जिल्ह्यांतील आष्टी तालुक्याच्या मांडवा गांवचे अविनाश साबळे ज्या शर्यतींत धांवतात, तिथें मात्र तें खपण्यासारखें नाहीं. तीन हजार मीटरच्या त्या शर्यतींत अठ्ठावीस अडथळे आणि सात पाण्यावरच्या उड्या असतात. बर्मिंगहॅमच्या २०२२ च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेंत त्यांनीं ८ मिनिटें ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळविलें. सुवर्णपदक अवघ्या पांच शतांश सेकंदानें हुकलें. ओल्या बुटानें इतक्या उड्या मारणाऱ्याला वाकून नाडी बांधण्याची सवड कोठून मिळणार ?

आतां उपायाकडे वळूं. सर्वांत महत्त्वाचा उपाय फुकटचा आहे. नाडी बांधण्याच्या दोन पायऱ्या असतात. पहिलींत एक टोंक दुसऱ्यावरून नेऊन खालून काढतों आणि आवळतों. दुसरींत एका टोंकाचा कान करून, दुसरें टोंक त्याभोंवतीं फिरवून, त्याचा दुसरा कान ओढून काढतों. या दोन पायऱ्यांतले पीळ परस्परविरुद्ध दिशांचे असतील तर नाविक ज्याला रीफ गांठ म्हणतात ती सपाट, घट्ट गांठ तयार होते. दोन्ही पीळ एकाच दिशेचे असतील तर इंग्रज जिला थट्टेनें आजीबाईची गांठ म्हणतात ती होते. ती ताण पडतांच वळते, लोळते आणि सरकते. मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेंतील संशोधकांनीं ताण पडला कीं रंग बदलणारे तंतु वापरून २०२० सालीं हेंच दाखवून दिलें : उलट-सुलट पीळ एकमेकांस अडवितात, एकाच दिशेचे पीळ एकमेकांस वाट देतात.

आपली गांठ कोणत्या जातीची हें ओळखणें सोपें आहे. बूट घालून नाडी बांधा आणि वरून पाहा. दोन्ही कान बुटावर आडवे, म्हणजे एक डावीकडे व एक उजवीकडे राहिले असतील, तर गांठ बरोबर आहे. कान उभे होऊन एक बोटांकडे आणि एक घोट्याकडे वळला असेल, तर ती आजीबाईची गांठ समजावी. कान सरळ करून गांठीच्या बुडाशीं जरा ओढून पाहावें. खोटी गांठ लगेच फिरते.

दुरुस्तीसाठीं सारी संवय मोडण्याचें कारण नाहीं. दुसरी पायरी आहे तशीच राहूं द्यावी; केवळ पहिली उलट करावी. उजवें टोंक डाव्यावरून नेत असाल तर आतां डावें उजव्यावरून न्या. बस्स, एवढेंच. आठवडाभर हात अडखळेल. पुढें हाताला वळण लागेल.

बर्कलेच्या प्रयोगांत असेंही दिसलें कीं, चांगली गांठही केव्हां तरी सुटतेच. फक्त ती अधिक टिकते. लांब चालावयाचें असेल तर म्हणून आणखी एक उपाय करावा. दुसऱ्या पायरींत नाडी कानाभोंवतीं एकदां फिरवितों, ती दोनदां फिरवावी आणि दोन्ही वेढ्यांखालून दुसरा कान ओढून घ्यावा. एका जादा वेढ्यानें इतका फरक कां पडावा ? विहिरींतून ओझें काढणारा माणूस दोर खांबाला एक-दोन वेढे देऊन एका हातानें धरून ठेवतो, तें आपण पाहिलें असेल. घर्षणाचें बळ वेढ्यांबरोबर बेरजेनें वाढत नाहीं, गुणाकारानें वाढतें. हें गणित ऑयलर या अठराव्या शतकांतील गणितज्ञाच्या नांवानें ओळखलें जातें. घर्षणाचा गुणांक ०.३ धरला, तर एका पूर्ण वेढ्यानें सुमारें साडेसहापट ओझें तोललें जातें, दोन वेढ्यांनीं सुमारें त्रेचाळीसपट. बुटाच्या गांठींत हिशेब इतका सरळ नसला तरी तत्त्व तेंच आहे. शिवाय अशी गांठ टोंक ओढतांच सुटते. दोन्ही कानांची वर पुन्हां एक गांठ मारण्याची जी रीत आहे तीही टिकते. पण चिखलानें माखून वाळली कीं ती खरोखरच निरगांठ होते.

नाडीची निवड करतांना गुळगुळीत, गोल, नायलॉनची नाडी टाळावी. चपटी सुती नाडी अधिक घट्ट धरते. टोंकें फार लांब नकोत. लांब टोंक म्हणजे लांब चाबूक. टोंकाला वजन लावलें तर गांठ अधिक लवकर सुटते असें वरील प्रयोगांतच आढळलें. उरलेलीं टोंकें बुटावरच्या फुल्यांखालीं खोंवून टाकावीं. नाडी ओंवण्याची पद्धत बदलण्याची मात्र गरज नाहीं. बुर्कार्ड पोल्स्टर या ऑस्ट्रेलियांतील गणितज्ञानें २००२ सालीं सिद्ध केलें कीं, फुल्यांची आणि सरळ आडवी या नेहमींच्या दोन पद्धतीच सर्वांत बळकट आहेत.

आपल्या भागांत टोंकें खोंवण्याला आणखी एक कारण आहे. पावसाळा सरल्यावर बालाघाटाच्या माळांवर कुसळी गवत वाळतें. त्याचीं कुसळें ओल्या-सुक्या हवेनें स्वतःभोंवतीं पीळ घेत कापडांत शिरतात. नाडींत तर चटकन् रुततात. बाभळीच्या फांदीचा कांटा लोंबत्या टोंकांत अडकला कीं एका हिसक्यांत गांठ उकलते, कारण टोंक ओढलें कीं सुटणें हाच सुरगांठीचा धर्म आहे. काळ्या मातीचा चिखल नाडीला चिकटतो, टोंकें जड होतात आणि त्यांची ओढ वाढते. पावसाळ्यांत घरीं आल्यावर नाड्या काढून धुवाव्या, सावलींत वाळवाव्या आणि झिजलेली नाडी तुटण्याची वाट न पाहतां बदलावी.

बांधतांना टांच मागें टेकवून, पंजा वर धरून बांधावी, म्हणजे पाऊल बुटांत नीट बसतें. पाटोदा तालुक्यांत सौताड्याच्या दरींत उतरतांना किंवा धारूरच्या किल्ल्यावरून खालीं येतांना पाऊल पुढें सरकून बोटें चेपतात. तेव्हां घोट्याजवळचीं छिद्रें घट्ट आणि बोटांकडचीं सैल ठेवावीं. निघाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनीं एकदां थांबून गांठ पुन्हां आवळावी, कारण तोंवर बुटाची मऊ गादी दबलेली असते. मधुमेह असलेल्यांनीं मात्र बेतानें आवळावें. पायाची संवेदना कमी झाली असेल तर नाडी करकचली तरी कळत नाहीं आणि जखम होऊन बसते. ज्यांना वाकणें जमत नाहीं, त्यांनीं खुर्चीवर बसून पाय स्टुलावर ठेवून बांधावी किंवा घरच्या लहानांकडून बांधून घ्यावी. त्यांत कमीपणा नाहीं.

शेवटीं एक विनंती. ज्यांच्या घरीं लहान मुलें आहेत त्यांनीं त्यांना ही गांठ स्वतः शिकवावी. मुलाच्या समोर बसूं नये, कारण समोरून उजवें-डावें उलटें दिसतें. त्याच्या शेजारीं, त्याच दिशेला तोंड करून बसावें. दोन रंगांच्या नाड्या अर्ध्या-अर्ध्या जोडून घेतल्या तर कोणतें टोंक कोठें जातें हें त्याला झटकन् उमगतें. घाई करूं नये, आणि त्याच्या हातांतून नाडी काढून घेऊन आपण बांधूं नये. शिक्षकबंधूंनींही पहिली-दुसरीच्या वर्गांत एक तास या कामास द्यावा. शासनानें बूट दिला, तर गांठ देणें आपल्याकडे आहे. ज्या मुलाला स्वतःची नाडी पक्की बांधतां आली, तें शाळेच्या वाटेवर दुसऱ्या कोणाची वाट पाहत उभें राहत नाहीं. आज सायंकाळीं फिरावयास निघतांना आपले कान आडवे आहेत कीं उभे, तेवढें एकदां पाहून घ्या.