शुद्ध अत्तर कशास म्हणावें?

गेल्या पौषांतली गोष्ट. घरांत संक्रांतीच्या हळदीकुंकवाची तयारी चालली होती. अत्तरदाणीशेजारीं गुलाबाच्या तेलाची करंगळीएवढी कुपी ठेविलेली होती. माझ्या भाच्यानें ती बल्गेरियांतून आणिली होती. सहज हातांत घेऊन पाहतों, तों आंत पांढऱ्या सुया जमलेल्या! चार सुवासिनींच्या देखत मी निकाल देऊन मोकळा झालों, "यांत मेण घातलें आहे. हें कोणाच्या हातास लावूं नका." सूनबाईनें मुकाट्यानें कुपी आंत नेली. रात्रीं ती इतकेंच म्हणाली, "मामंजी, थंडींत खोबरेलहि गोठतें. तें आपण भेसळीचें म्हणतों का?"

जन्मभर मुलांस व्याकरण शिकविलेल्या मजजवळ या प्रश्नाचें उत्तर नव्हतें. भाचा रसायनशास्त्राचा अध्यापक आहे; त्यास विचारलें, तेव्हां त्यानें मजवरच हंसून घेतलें. अस्सल गुलाबतेल सुमारें २० अंश सेल्सिअसच्या खालीं गेलें कीं गोठूं लागतें. त्यांत एक सुवासिक पातळ भाग असतो आणि दुसरा मेणासारखा, ज्यास वास जवळजवळ नाहींच. हा दुसरा भागहि फुलाच्या पाकळींतलाच. शास्त्रज्ञ त्यास स्टिअरॉप्टीन म्हणतात. म्हणजे ज्या खुणेवरून मीं तेल खोटें ठरविलें, ती खऱ्याची खूण निघाली!

बल्गेरियांत कझानलाकच्या खोऱ्यांत मे-जून महिन्यांत भल्या पहांटे हीं फुलें तोडतात. ऊन चढलें कीं तेल उडून जाऊं लागतें. तीं पाण्यासह ऊर्ध्वपातनाच्या भांड्यांत चढवितात आणि वाफ निववून आलेल्या पाण्यावर तरंगणारें तेल काढून घेतात. एक किलो तेलास साधारण साडेतीन हजार किलो फुलें लागतात. त्रैराशिक मांडून पाहावें: एका तोळ्यास सुमारें ४० किलो फुलें झालीं. एवढी तोडणी ज्यास करावी लागते, त्याला तोळाभर तेल पन्नास-शंभर रुपयांस कसें परवडेल?

तेलाची घटना तर याहून चमत्कारिक आहे. आपण "गुलाबाचा वास" असें एकवचन वापरतों. वास्तविक त्या थेंबांत शेंकडों निरनिराळीं द्रव्यें नांदत असतात. सिट्रोनेलॉल, जेरॅनिऑल आणि नेरॉल हीं त्यांतलीं वडीलधारीं. परंतु डॅमॅसेनोन म्हणून जें द्रव्य १९७० सालीं बल्गेरियन तेलांत ओळखलें गेलें, त्याचें प्रमाण शेंकडा एकाच्याहि लहानशा अंशाएवढें, आणि वासावर अधिकार मात्र मोठा! (एकत्र कुटुंबांत असें एखादें माणूस असतेंच.) उलट ताज्या फुलाच्या सुगंधाचा मोठा वांटा असणारें फेनिल इथाइल अल्कोहोल पाण्यांत विरतें, म्हणून तें बहुतांशीं गुलाबपाण्यांत जातें. गुलाबदाणींतलें चांगलें पाणी तेलापेक्षां फुलाच्या अधिक जवळचें वाटतें, त्याचें कारण हें.

आतां भेसळीकडे वळूं. तिचा धागा थेट आपल्या खानदेशांत येऊन पोंचतो. तेथल्या डोंगरउतारांवर तिखाडी नांवाचें गवत होतें, त्यासच रोशा म्हणतात. आयुर्वेदांतलें रोहिष तृण तें हेंच, असें सांगतात. त्याच्या तेलांत जेरॅनिऑलचा भरणा शेंकडा पाऊणशेंच्या आसपास असतो. एकोणिसाव्या शतकांत हें तेल मुंबई बंदरांतून तांबड्या समुद्राच्या मार्गानें कॉन्स्टँटिनोपलला जाई आणि तेथून बल्गेरियाच्या गुलाबतेलांत शिरे. गवताचें तेल गोठत नाहीं. म्हणून ती उणीव झांकण्यासाठीं देवमाशाच्या डोक्यांतलें मेण घालीत. तेव्हां माझी शंका अगदींच निराधार नव्हती. चूक एवढीच, कीं नुसत्या गोठण्यावरून मीं निकाल दिला.

तिखाडीचें तेल नैसर्गिक नाहीं काय? पुरें नैसर्गिक आहे. पण तें गुलाब नव्हे. "नैसर्गिक" आणि "शुद्ध" हे शब्द दुकानांत समानार्थी म्हणून वापरतात, ते तसे नाहींत.

कनोजचें गुलाब अत्तर घ्या. तांब्याच्या डेगेंत फुलें आणि पाणी घालून, झांकण मातीनें लिंपून, खालीं मंद आंच लावितात. वाफ बांबूच्या नळींतून भपक्यांत उतरते, आणि त्या भपक्यांत आधींपासून चंदनाचें तेल असतें. रोज नवीं फुलें चढवून तें चंदन सुगंधानें तृप्त करितात. या अत्तरांत चंदन बहुतेक सर्व, गुलाब थोडका. यास मी भेसळ म्हणणार नाहीं. ती त्या अत्तराची जातच आहे, आणि करणारा ती लपवीत नाहीं. परंतु चंदन महागल्यापासून कित्येक ठिकाणीं त्याच्या जागीं वास नसलेलें पातळ पॅराफिन आलें. तें घालून वर चंदनाचेंच नांव सांगितलें, तर ती लबाडी होय.

आपल्या पूर्वजांस अनुकरण वर्ज्य नव्हतें. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत गंधयुक्तीचें प्रकरण आहे. सोळा द्रव्यांच्या निरनिराळ्या मिश्रणांनीं १,७४,७२० गंध होतात, असा हिशेब त्यांत आहे. तेथेंच मंजिष्ठा, व्याघ्रनख, त्वच, कुष्ठ वगैरेंचें चूर्ण तेलांत घालून उन्हांत तापविण्याची कृति आहे; तींत चांफ्याचें एकहि फूल नाहीं. ग्रंथकार त्या तेलास चंपकगंधि म्हणतो. चांफ्यासारख्या वासाचें, चांफ्याचें नव्हे. आमच्या दुकानदारांनीं चिठ्ठीवर एवढा एक प्रत्यय जपला, तरी पुष्कळ झालें.

खरी परीक्षा आतां प्रयोगशाळेंतच होते. गॅस क्रोमॅटोग्राफीनें द्रव्यें वेगळीं करून मोजतात. शिवाय सिट्रोनेलॉलचे रेणु डाव्या-उजव्या हातांसारखे दोन तऱ्हांचे असतात. गुलाबांत जवळजवळ एकाच हाताचे, तर सामान्य कृत्रिम मालांत दोन्ही सारखेच. घरीं टीपकागदावर थेंब टाकून पाहावें, असें पुष्कळ सांगतात. त्यानें खाद्यतेलाचा डाग कळेल, पण चंदनाचाहि डाग लवकर जात नाहीं. दुकानदारास "हें शुद्ध आहे का?" असें विचारण्यापेक्षां "कोणत्या फुलाचें, आणि कशांत उतरविलेलें?" असें विचारावें. उत्तर देतांना तो किती वेळ घेतो, तेंहि पाहावें.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास त्याच सुवासिनी आल्या. मीं पौषांतला निकाल त्यांच्या देखत मागें घेतला. उन्हाळ्यानें तेल पातळ झालें होतें. "मामंजी, आतां लावूं ना?" असें विचारून सूनबाईनें काडीच्या टोकाएवढें तेल घेतलें, आणि पहिल्या बाईनें हंसत पालथा हात पुढें केला.