रेड एल : कडू-गोडाचा फंडा!

शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे पुण्यातल्या ऑफिसवाल्यांचा हक्काचा सण. हिंजवडीचं नाही तर मगरपट्ट्याचं ट्रॅफिक पार केलं, की आधी विचारणा होते, ‘आज कुठं?’ आणि टेबल मिळालं, की दुसरी, ‘स्ट्राँग की माइल्ड?’ बिअरबद्दलची आपली चौकशी बहुतेक वेळा इथंच संपते. चव कशी आहे, हे कुणी विचारतच नाही! मला विचाराल, तर हा प्रश्न विचारायची सवय लावणारी बिअर एकच... रेड एल.

एल म्हणजे काय, तर बिअर बनवायची एक जुनी पद्धत. आपल्याकडे बाटलीत मिळणारी नेहमीची पिवळी बिअर ही लागर. तिचं यीस्ट थंडीत सावकाश काम करतं. एलचं यीस्ट मात्र साधारण १५ ते २२ अंश तापमानात खूश असतं आणि जाताना फळांसारखा हलका वास मागे ठेवून जातं.

लाल रंग येतो कुठून?

आजी करते ते नाचणीचं सत्त्व आठवा. धान्य भिजवायचं, मोड आणायचे, सुकवायचं, भाजायचं. जवावर हेच केलं, की झालं मॉल्ट! रेड एलसाठी त्यातला एक खास प्रकार लागतो, क्रिस्टल मॉल्ट. मोड आलेले दाणे ओले असतानाच गरम करतात. त्यामुळे दाण्याच्या आतच पिठाची साखर होते. मग ते भाजले, की त्या साखरेचं कॅरॅमल होतं. तांबूस रंग, टॉफीचा वास आणि चिक्कीच्या पाकासारखी खमंग गोडी येते ती इथूनच. आयरिश पद्धतीत बऱ्याचदा खूप भाजलेलं थोडं जवही घालतात, त्यानं रंग आणखी लालसर होतो.

आता या गोडीला लगाम हवा. तो लावतं हॉप्स नावाच्या वेलीचं फूल. वनस्पतीशास्त्राच्या हिशेबानं हे भांगेच्याच कुळातलं, पण भांगेची नशा मात्र त्यात नाही. हॉप्स जास्त वेळ उकळले, तर कडवटपणा येतो. शेवटी शेवटी टाकले, तर वास टिकतो. अमेरिकेत १९७२ साली प्रसारित झालेल्या कॅस्केड जातीच्या हॉप्सला चक्क पपनसासारखा वास येतो. गुढीपाडव्याला कडुनिंब आणि गूळ एकत्र का खातात, हे ज्याला कळलं, त्याला रेड एल वेगळी समजावून सांगायला नको.

आयर्लंड ते कॅलिफोर्निया, व्हाया मल्ल्या

आयरिश रेड ही स्वभावानं गरीब, मॉल्टकडे झुकलेली. हॉप्सचा तडका दिला तो अमेरिकेनं. त्या कहाणीत एक भारतीय नावही आहे. कॅलिफोर्नियातल्या हॉपलंड या गावात १९८३ मध्ये मेंडोसिनो ब्रुइंग कंपनीनं ब्रूपब सुरू केला. गावाचं नावच मुळी हॉप्सवरून पडलेलं! त्यांची तांबूस ‘रेड टेल एल’ चांगलीच गाजली. १९९७ मध्ये विजय मल्ल्या यांनी या कंपनीत मोठा हिस्सा घेतला. २०१८ मध्ये कंपनी बंद पडली.

कडवटपणा मोजायला आयबीयू हे एकक वापरतात. हलक्या लागरमध्ये तो १०च्या आसपास असतो, आयरिश रेडमध्ये १८ ते २८, अमेरिकन अंबरमध्ये २५ ते ४० आणि रेड आयपीएमध्ये थेट ४० ते ७०! पण घाबरू नका. माझ्या ग्रुपमधली एक मैत्रीण आयपीएचं नाव काढलं तरी तोंड वाकडं करते. रेड एल मात्र ती आवडीनं पिते, कारण कडू लागेपर्यंत कॅरॅमलनं जिभेशी दोस्ती केलेली असते.

पुणेकरांचं नशीब

२००९ मध्ये ‘डूलाली’नं कोरिंथियन्स हॉटेलात शहरातली पहिली मायक्रोब्रुअरी सुरू केली. हे नाव आलंय ते आपल्या नाशिकजवळच्या देवळालीच्या इंग्रजी उच्चारावरून. पुढं मुंढवा, कोरेगाव पार्क अशी रांगच लागली. फायदा हा, की बिअर ताजी मिळते. उष्णता, उजेड आणि दिवस, हे तिघंही हॉप्सच्या वासाचे वैरी. मात्र इथं बिअर थोडी थोडी बनते, त्यामुळं बोर्डावरची नावं बदलत राहतात. रेड दिसली नाही, तर अंबर विचारा.

आणि हो, बर्फगार मागू नका! गारठलेल्या जिभेला काय डोंबल चव कळणार? ८ ते १० अंश पुरे. सोबत खमंग भाजलेलं काहीतरी हवं. तंदूरमधलं चिकन, सुकं मटण, कोथिंबीर वडी, नाही तर साधे खारे शेंगदाणे. तांबडा रस्सा मात्र जपून, कारण जास्त हॉप्सची बिअर तिखटाचा जाळ आणखी वाढवते.

हिशेब तोंडपाठ हवा

ही गोडी फसवीसुद्धा आहे. ५ टक्क्यांच्या ३३० मिलि बाटलीत साडेसोळा मिलि अल्कोहोल असतं. साडेसहा टक्क्यांच्या रेड आयपीएच्या अर्धा लिटरच्या मगात साडेबत्तीस. म्हणजे एक मग जवळजवळ दोन बाटल्या! कायद्यानं गाडी चालवणाऱ्याच्या १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल चालत नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शेच्या धडकेत दुचाकीवरचे दोन तरुण आयटी इंजिनिअर गेले. गाडी चालवणारा अल्पवयीन होता आणि तो दारू प्यायला होता, असा पोलिसांचा आरोप आहे. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे. गेलेले दोघं वीकएन्डला मित्रांना भेटून घरी निघाले होते... अगदी तुमच्या-माझ्यासारखे.

म्हणूनच मला रेड एल आवडते. ती गटागट पिण्यात मजाच नाही. आधी वास घ्या, मग घोट घ्या, गोडीनंतर कडवटपणा येईपर्यंत थांबा. एक ग्लास तासभर सहज पुरतो. बऱ्याच मायक्रोब्रुअरींत चाखायला छोटा ग्लास देतात, तो आधी मागून बघा. आणि रिक्षा किंवा कॅब पहिल्या घोटाआधीच ठरवून ठेवा.