कोशाचा श्वास आणि धान्याची साठवण

कणगीतील ज्वारी चाळून, पाखडून स्वच्छ केली, एकही सोंडा दिसत नाही, म्हणून शेतकरी निश्चिंत होतो. आणि महिना उलटतो न उलटतो तोच त्याच ज्वारीत सोंडे फिरू लागतात. कीड बाहेरून आली असे घरची माणसे म्हणतात. क्वचित तसेही असते. परंतु बहुधा ती आतच होती. सोंड्याची मादी दाणा पोखरून त्यात अंडे घालते व ते भोक चिकट द्रवाने बुजवून टाकते. अळी दाण्यातच वाढते आणि दाण्यातच कोशात जाते. हा कोश काही खात नाही व बाहेरून दिसतही नाही. मात्र तो जिवंत असतो आणि श्वास घेत असतो.

कीटकाला फुप्फुसे नसतात. त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंस बारीक श्वासरंध्रे असतात व त्यांतून निघालेल्या श्वासनलिका फाटे फुटत थेट पेशींपर्यंत जातात. रंध्रे मिटण्याची सोय असल्यामुळे वायू केव्हा आत घ्यावयाचा व केव्हा बाहेर टाकावयाचा, यावर कीटकाचा ताबा राहतो.

अमेरिकेतील सिक्रोपिया नावाच्या मोठ्या पतंगाचे कोश हिवाळाभर निद्रिस्त असतात. १९५० नंतरच्या दशकात हॉवर्ड श्नायडरमन व कॅरोल विल्यम्स या शास्त्रज्ञांनी या कोशांच्या श्वासाचे मोजमाप केले. तेव्हा असे आढळले की, कोश प्राणवायू संथपणे घेत राहतो. पण कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, मात्र साठवून ठेवतो आणि काही तासांनी, थंडीत तर काही दिवसांनी, एकदम बाहेर सोडतो. मधल्या काळात हा वायू अंगातील द्रवात विरघळून राहतो. नलिकांतील प्राणवायू शेकडा ४-५ पर्यंत उतरला, की रंध्रे किंचित फडफडतात व बाहेरची हवा आत ओढली जाते. कर्बवायू शेकडा ६ च्या आसपास चढला, की रंध्रे सताड उघडतात. आपल्या भंडारा-गडचिरोलीकडील टसर रेशमाचा किडा याच कुळातला आहे.

रंध्रे उघडी राहिली तर अंगातील ओलावा वाफ होऊन जातो. कोशाला पाणी पिता येत नाही. म्हणून ही काटकसर, असे पुष्कळ काळ मानले गेले. २००५ साली हेट्झ व ब्रॅडली यांनी अ‍ॅटलास पतंगाच्या कोशांवरून निराळे मत मांडले: विश्रांत शरीराला जादा प्राणवायू अपायकारक ठरतो, म्हणून रंध्रे मिटतात. हा पतंग सह्याद्रीतही आढळतो. शास्त्रज्ञांतील हा वाद मिटलेला नाही, आणि शेतकऱ्याचे त्यावाचून अडतही नाही.

सोंड्याच्या कोशात हे चक्र हुबेहूब असेच चालते असे समजू नये. पण अळीच्या मानाने कोशाची हवेची गरज फार थोडी असते, ही गोष्ट व्यवहाराची आहे. धुरीचा विषारी वायू श्वासाबरोबरच आत शिरतो. श्वास मंद असला म्हणजे विषही थोडे जाते. म्हणूनच फॉस्फिनच्या धुरीने अळ्या व सोंडे लवकर मरतात, अंडी व कोश तग धरतात. तिसऱ्या दिवशी मेलेले सोंडे पाहून ताडपत्री काढणारा खर्च करून कीड राखून ठेवतो. ताडपत्री निदान ७ दिवस घट्ट बंद राहिली पाहिजे. हे विष माणसालाही मारक आहे. घरात ते कदापि वापरू नये. धुरीचे काम प्रशिक्षित व अधिकृत माणसाकडूनच करवून घ्यावे.

हवाबंद पिशवीत विषाचे काम किडीच करतात. त्यांच्या व धान्याच्या श्वासाने प्राणवायू संपत जातो व कर्बवायू वाढतो. कर्बवायू वाढला की रंध्रे मिटता येत नाहीत आणि कीटक वाळूही लागतो. मात्र धान्य नीट वाळलेले हवे, आणि पिशवीला उंदराने पाडलेले एक भोकही पुरे होते. ‘बघू तरी’ म्हणून दर आठवड्याला पिशवी सोडणाऱ्या घरी कोशांना ताजी हवा आयती मिळते.

पेवातही हाच वायू साचतो. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसतो. म्हणून जाणती माणसे पेव उघडल्याबरोबर आत उतरत नाहीत. तोंड बराच वेळ मोकळे ठेवून ती आधी कंदील खाली सोडतात, आणि तो विझला तर कोणालाही उतरू देत नाहीत.