जुन्या जीपगाडींत शिरणारें पाणी

मृगाच्या सरी जवळ आल्या म्हणजे आमच्या राजुरा तालुक्यांत घरावरील कवेलूंची पाहणी होते. परंतु अंगणांत उभ्या असलेल्या जुन्या जीपगाडीची तशी पाहणी करणारा गृहस्थ विरळा. जिवतीच्या डोंगराकडील पांदणींतून, नाल्यांतून व काळ्या चिखलांतून बियाणें, खत आणि माणसें नेण्यास ही गाडी फार उपयोगी पडते, म्हणून कित्येक शेतकऱ्यांनीं वीस-तीस वर्षांच्या जुन्या गाड्या अद्याप संभाळून ठेविल्या आहेत. महिंद्र कंपनी 1945 सालीं निघाली व पुढें अमेरिकेंतील विलिस जीपच्या नमुन्यावर तिनें आपल्या देशांत गाड्या बांधल्या. तो नमुना मूळचा लढाईसाठीं काढलेला. पुढची कांच बिजागरीवर दुमडून खालीं पाडतां यावी, छप्पर उतरवितां यावें, इकडे लक्ष अधिक. आंत बसणारा शिपाई भिजला तर भिजला. सबब ह्या गाडीचे सांधे जन्मापासूनच सुटे आहेत, आणि त्यांतील रबर जुनें झालें कीं पाणी आंत येणारच.

आमचा ह्या विषयाशीं संबंध मिस्त्री म्हणून नव्हे. महसुलाच्या नोकरींत असतां, वर्धेचा पूर ओसरल्यावर पीकनुकसानीचे पंचनामे घेऊन आम्ही एकदां एका जुन्या जीपमधून परत येत होतों. तीन दिवसांचें काम झालें होतें. कागदांचें गाठोडें मागच्या आसनाखालीं गोणपाटावर ठेविलें होतें. वाटेंत पावसानें झोडपलें, पण छपरांतून आमच्या अंगावर एक थेंब आला नाहीं, म्हणून आम्ही निश्चिंत. उतरतांना गाठोडें उचललें तों खालचे कागद लगद्यासारखे झालेले. शाई पसरून सर्व्हे नंबर कोणाचा व क्षेत्र कोणतें यांचा मेळ लागेना. पुन्हां त्या गांवीं जाण्यास बरेच दिवस लागले, आणि तोंपर्यंत कित्येकांनीं तीं शेतें नांगरून हरभऱ्यास तयार केलीं होतीं. नुकसान कसें दाखवावें? पुष्कळांचें काम शेजाऱ्यांच्या साक्षीवर निभावलें. कांहींचें राहिलें तें राहिलेंच. त्यांतील एका वृद्ध बाईनें आम्हांस एक शब्दहि न बोलतां तांब्याभर पाणी प्यावयास दिलें. कागद गाडीच्या तळाशीं ठेवण्याची चूक आमचीच होती, हें तेव्हां फार लागलें.

पुढें मिस्त्रीनें शोध केला तों आसनाजवळ छिद्र नव्हतेंच. पुढच्या कांचेच्या चौकटीखालील रबराची पट्टी वाळून चिरली होती. तेथून पाणी फळीच्या मागील अंगानें ओघळत पायाजवळ उतरे, आणि गाडी चढावर मागें कलली कीं पत्र्यावरून वाहत आसनाखालीं जमे. कवेलूच्या घरांत वाढलेल्यास हें नवें नाहीं. थेंब जेथें पडतो त्याच्या बरोबर वरचें कवेलू पुष्कळदां शाबूत असतें. पाणी दूर कोठें तरी शिरून वाशावरून चालत आलेलें असतें. असें असूनहि गाडीच्या बाबतींत ओल दिसेल तेथेंच लांबी भरण्याची घाई शहाणे लोकहि करतात.

शोधाची रीत सोपी आहे, मात्र दोन माणसें व एक सबंध सकाळ पाहिजे. गाडी सपाट जागीं उभी करून आंतील चटया काढाव्या, तळ पुसून कोरडा करावा व त्यावर राख किंवा पीठ पातळ भुरभुरावें, म्हणजे पाण्याची वाट उमटते. एकानें बत्ती घेऊन आंत बसावें. दुसऱ्यानें नळीनें, जोर न लावतां, सर्वांत खालच्या सांध्यावर पाणी सोडावें आणि कांहीं मिनिटें थांबून मगच वरच्या सांध्याकडे जावें. वरून आरंभ केल्यास पाणी खालीं येतांना सर्वच सांधे भिजवितें व खरा चोर सांपडत नाहीं. कांचेची चौकट, वायपरच्या दांड्यांचीं भोकें आणि इंजिनाकडून तारा जेथून आंत येतात तेथील रबरी कडीं हीं प्रथम तपासावीं. दारें असल्यास रबरावर कागदाची पट्टी ठेवून दार लावावें व पट्टी ओढून पाहावी; जेथें ती अलगद निघून येते तेथें रबर बसलेलें आहे. कापडी छपराची शिवण पाझरते तिचें कारण सुईचीं भोकें. सुती दोरा भिजला कीं फुगून भोक बंद करतो, नायलॉनचा तसा फुगत नाहीं. म्हणून अशा शिवणीवर आंतून-बाहेरून मेण घासावें.

बाजारांत सिलिकॉनच्या नळ्या मिळतात. त्यांपैकीं जिला शिरक्यासारखा आंबूस वास येतो ती उघड्या लोखंडावर लावूं नये. तिच्यांतून सुकतांना जें आम्ल सुटतें त्यानेंच पत्रा गंजतो, आणि वरून सांधा छान दिसत राहतो.

पाणी अडविण्याइतकेंच त्याला बाहेर घालविणें महत्त्वाचें, हें शेतकऱ्यास शिकविणें म्हणजे धृष्टता होय. धुऱ्यास सांड न ठेवणारा शेतकरी आम्हीं तरी पाहिला नाहीं. तरीहि आमच्या शेजारच्या एका सधन शेतकऱ्यानें हौसेनें गाडीच्या तळाचीं सर्व भोकें झाळून बुजविलीं, वर जाड नमदा व रबरी चटई घातली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर चटई उचलली तों पायाखालीं जमीन दिसूं लागली! तळाशीं जीं बुचाचीं भोकें असतात तीं पाणी निघून जाण्यासाठींच ठेविलेलीं आहेत. तीं चिखलानें बुजलीं असल्यास काडीनें मोकळीं करावीं. खताचीं पोतीं नेल्यावर तर तळ अवश्य धुवून वाळवावा. सांडलेलें खत हवेंतील ओल ओढून घेतें आणि त्या खारट ओलीनें पत्रा लवकर खाल्ला जातो. सोयाबीनचें बियाणें नेतांना खालीं लांकडी फळ्या टाकाव्या. एकदां ओलावून पुन्हां वाळलेलें बी वरून चांगलें दिसतें, पण पेरल्यावर उगवत नाहीं, आणि तोंवर वाफसा निघून गेलेला असतो.

नाल्याच्या पाण्याविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. (पुलावरून पाणी वाहत असतां गाडी घालणें हा ह्या लेखाचा विषय नव्हे, तें कोणींहि करूं नये.) नाला ओलांडल्यावर ब्रेक ओले होऊन धरत नाहींत, गाडी हळू चालवीत ब्रेक हलकेच दाबीत जावें, म्हणजे ते वाळतात. आसाची गोष्ट निराळी आहे. दूरवर धांवून तापलेला डिफरन्शियल एकाएकीं थंड पाण्यांत शिरला कीं आंतील हवा आकसते आणि हवेची बारीक नळी चिखलानें बंद असल्यास तेलाच्या रबरी कड्यांतून पाणी आंत ओढलें जातें. ती नळी मोकळी असावी, आणि साधेल तर तिला रबरी नळी जोडून उंच नेऊन ठेवावी. नाल्याच्या काठीं थांबून आस निवूं द्यावा हें उत्तम. परंतु गाडींत बाळंतिणीस घेऊन निघालेला मनुष्य थांबेल कसा? त्यानें दुसऱ्या सकाळीं, गाडी हलविण्यापूर्वीं, खालचें बूच किंचित् सैल करून पाहावें. पाणी जड म्हणून तेंच प्रथम ठिबकतें. तें निघालें, किंवा तेल ताकासारखें पांढुरकें दिसलें, तर सर्व तेल सांडून नवें भरावें आणि मगच गाडी शेताकडे न्यावी.